दिंडीचा रिव्ह्यू: साडेतीन हजार भिशी, अठरा दिवस आणि एक हरवलेली कात्री

पाचपैकी चार. आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढं वाचायला नको. अर्धा तारा बायकांच्या आंघोळीच्या सोयीसाठी कापला आणि अर्धा टाळकऱ्यांच्या ओळीसाठी. त्या दोन्हींवर येते सावकाश.

दिंडीचं नाव आणि नंबर लिहीत नाही. माऊलींच्या पालखीत रथामागची दिंडी आहे, एवढं पुरे. नेटवर लिहू का म्हणून दिंडीप्रमुखांना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिहा, पण नाव नको. पुढच्या वर्षी दोनशे माणूस वाढलं तर भाकरी कोण थापणार?"

मी हडपसरला लेडीज टेलरिंग करते. एकोणीस वर्षं झाली. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत अस्तराचे ब्लाउज रात्री दोनपर्यंत. वय ५१. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती आमच्याच रस्त्यानं, त्यामुळं वारी मी दरवर्षी बघितलेली, पण काउंटरच्या आतून. केळी वाटायची, पाणी द्यायचं, पादुकांना हात जोडायचे आणि परत मशीनवर बसायचं.

यंदा जायचं ठरलं त्याला कारण माझं मन. आमच्या भजनी मंडळात मी बारा वर्षं जाते. कीर्तनाला बसले की समोरच्या बाईची पाठ दिसते, आणि पाठ दिसली की ब्लाउज दिसतो. मुंढा चुकलाय. टक्स वर गेलाय. गळा डावीकडं ओढतोय. बुवा तिकडं अभंग सोडवतायत आणि मी इकडं त्या बाईचा ब्लाउज उसवून परत शिवतेय. देवापुढं बसूनही माप सुटत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, अठरा दिवस सुईला हात लावायचा नाही. नुसतं चालायचं, हरिपाठ म्हणायचा, आणि जमलं तर टाळकऱ्यांत उभं राहून गायचं. आपल्याला गळा चांगला आहे अशी माझी समजूत होती.

तरी पण बॅगेत स्टीलची एक जुनी डबी टाकलीच. दोन सुया, एक दाभण, काळी-पांढरी आणि एक मोरपंखी रिळं, छोटी कात्री. सवय. किंवा देवाला फसवायला जागा ठेवली म्हणा.

आता सर्व्हिसबद्दल. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, ३,५०० रुपये, दोन हप्त्यांत, पावती मिळते. त्यात सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, राहुटीत झोपायची जागा, बॅग ट्रकमध्ये आणि टँकरचं पाणी. औषधं आपली आपण. १९ जून २०२५ ला आळंदीहून प्रस्थान आणि ६ जुलैला आषाढी, असा हिशेब होता. चाल अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बॅग एकच, नावाची चिठ्ठी शिवलेली हवी. चिकटवलेली चालत नाही, पहिल्या पावसात निघते. हे वाचून मला हसू आलं होतं.

राहुटीत बारा बायका. माझी जागा खांबाशेजारी. एकीनं कूस बदलली की बाराही जणींना बदलावी लागते. पहाटे तीनला उठायचं, कारण ट्रक लवकर सोडला नाही तर पुढच्या तळावर राहुट्या लागत नाहीत. घोरणाऱ्यांची वेगळी राहुटी करायला हवी हे मी गांभीर्यानं सुचवलंय.

जेवण चांगलं. पिठलं-भाकरी, आमटी-भात, उपासाला खिचडी, मध्येच एखाद्या गावात गावकऱ्यांनी घातलेला शिरा. दोन वेळा भात कच्चा राहिला. पावसात चूल पेटत नव्हती, मी काही बोलले नाही, पण रिव्ह्यूत लिहायला हवं. चाळीस फोनांना चार्जिंगचा एक बोर्ड, त्यावरून रोज भांडणं. आंघोळीचं मात्र वाईट. टँकरपाशी बायकांसाठी एकच आडोसा, तोही चादरीचा, आणि वारा आला की चादर कुठं नि आपण कुठं. रस्त्यानं फिरती शौचालयं होती, ती बहुतेक ठिकाणी बरी निघाली. पण दिंडीनं स्वतःचे दोन पक्के आडोसे करायला साडेतीन हजारांतले किती लागतील? प्रमुखांना हिशेब करून दाखवला. ताडपत्री किती मीटर, कड्या किती, शिलाई फुकट. बघू म्हणाले.

टाळकऱ्यांच्या ओळीचं असं की या दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी चार-चारच्या ओळीत, मध्ये मृदंग, वीणा, आणि बायका त्यांच्या मागं. डोक्यावर तुळस घेतलेल्या पुढं, बाकीच्या मागं. टाळ घेऊन पुरुषांच्या ओळीत उभं राहायचं नाही. का, तर पहिल्यापासून असं आहे. काही दिंड्यांत बायका टाळ घेऊन पुढं चालतात, मी डोळ्यांनी बघितलं. हा अर्धा तारा मी कुणाच्या सांगण्यावरून परत देणार नाही.

पण खरं सांगायचं तर मला ओळीत घेतलं असतं तरी मी टिकले नसते. पुण्यात पालखी दोन दिवस असते. त्या मुक्कामात बायकांचं भजन होतं, तिथं मी एक चाल धरली. मृदंगवाला मुलगा वीस-बावीस वर्षांचा, आळंदीत शिकलेला. दोनदा त्यानं माझ्याकडं बघितलं, तिसऱ्यांदा हात थांबवला आणि फार अदबीनं म्हणाला, "माऊली, तुम्ही पट्टी सोडताय." बारा वर्षं मंडळात कुणी सांगितलं नव्हतं. मंडळातल्या बायका माझ्याच गिऱ्हाईक, कोण सांगणार? त्या रात्री खांबाशेजारी पडल्या पडल्या मी स्वतःशीच म्हटलं, गळे कापणं हाच आपला धंदा, आपल्याला कुठला आलाय गळा.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून निघालो ते हडपसरवरूनच. स्वतःच्या दुकानाच्या बंद शटरवरून चालत जाणं फार विचित्र असतं. शटरवर मीच चिकटवलेला कागद होता, 'वारीला गेले आहे'. खाली कुणीतरी पेननं लिहिलेलं, 'माझा पिवळा ब्लाउज?' आणि गर्दीतून एक ओळखीची हाक आली, "अहो, बुधवारी मिळेल ना?" मी हात जोडले. तिनंही जोडले. वारकरी म्हणून की टेलर म्हणून, ते कळलं नाही.

तो टप्पा सगळ्यांत मोठा, सासवडपर्यंत तीस किलोमीटरच्या वर, आणि शेवटी दिवेघाट. बहुतेकांचा उपास. टीव्हीवर घाट फार सुंदर दिसतो, वरून काढलेला असतो म्हणून. आतून तो म्हणजे पुढच्याची टाच आणि मागच्याचा श्वास. अर्ध्या घाटात माझ्यापुढच्या मुलाच्या पाठीवरची सॅक एका बाजूनं सुटली. पट्टा मुळातून उसवला. खराडीतल्या कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा, पहिलीच वारी, फोटो काढून काढून दमलेला. सॅक एका हातात धरून चढायला लागला. मी बघितलं नाही असं केलं. पन्नासएक पावलं केलं. मग त्याला बाजूला घेतलं, डबी काढली, दाभणात दुहेरी दोरा ओवून पट्टा चार टाक्यांत बसवला आणि वर चौकोनात फुली मारून टीप घातली. दहा मिनिटं गेली असतील. नवस दिवेघाटातच मोडला.

तिथं जे झालं ते बारा बायकांच्या राहुटीत लपत नाही. सासवडलाही दोन रात्रींचा मुक्काम असतो. मी पाय तेलात घालून बसले होते, आणि राहुटीपुढं रांग. पिशवीचा बंद. चेनचा रनर निघालेला. फाटलेलं धोतर. छत्रीचं कापड काडीवरून सुटलेलं. चपलेचा अंगठा घेऊन पण एक बाबा आले. चपला पुण्यातच चांभारांनी फुकट सांधून दिल्या होत्या सगळ्यांच्या. पालखी आली की चांभार, न्हावी आपापली हत्यारं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतातच. पण यांची नेमकी नंतर तुटलेली. संध्याकाळचा हरिपाठ सुरू झाला आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी जाकीट. तोंडानं म्हणतेय, हातानं शिवतेय, आणि मनात एकच हिशेब, अजून चार नग राहिले.

माझी चिडचिड झाली. जेजुरीला सगळे भंडाऱ्यात पिवळे झाले तरी माझं तोंड तसंच. ज्याच्यापासून पळून आले ते माझ्याआधी तळावर पोचून राहुटी लावून बसलेलं. मग वाल्ह्याला कात्री हरवली. ट्रकमध्ये बॅगा टाकायच्या घाईत कुठंतरी पडली. माझी आवडती कात्री, दांड्याला लाल अस्तराची चिंधी गुंडाळलेली, कारण पितळी दांडा बोटाला लागतो. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. देवानंच सोडवलं. जो येईल त्याला सांगायचं, कात्री नाही. लोकांनी दातानं दोरा तोडायची तयारी दाखवली तरी मी बधले नाही.

दुसऱ्या दिवशी नीरेवर पादुकांचं स्नान झालं आणि पालखी लोणंदला आली. आता जे सांगते ते मला या सबंध सर्व्हिसमधलं सगळ्यांत जास्त आवडलं, म्हणून जरा लांबवून सांगते.

पालखी तळावर आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि मोठ्यानं 'होऽ' अशी आरोळी देतात. आणि थांबतं. सगळं. एवढा मोठा माणसांचा समुद्र, पण लांब कुठंतरी जनरेटर चाललाय तो ऐकू यायला लागतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातावर काटा आला.

पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ. चोपदारांना त्या टाळांपर्यंत जावंच लागतं. ते जातात, ऐकून घेतात, काय असेल ते मिटवतात, आणि मगच ते टाळ बंद होतात. त्याआधी आरती नाही. पादुका गळ्यात बांधून आधीही लोक जातच होते, पण रथ, दिंड्यांचा क्रम, ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली म्हणतात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस, फौजेचा हिशेब माहीत असलेला. ते पटतं. मी एकदा गॅसच्या तक्रारीसाठी फोनवर पाऊण तास गाणं ऐकलंय. इथं गाणं आपण वाजवायचं आणि साहेबानं चालत यायचं.

त्या दिवशी लोणंदला मागच्या कुठल्याशा दिंडीचे टाळ राहिले होते. चोपदार गेले, मिटवून आले. मग उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आणि सापडलेल्या वस्तूंची यादी सुरू झाली. एक चष्मा. एक आधारकार्ड. पैशाचं पाकीट, ओळख पटवून न्यावं. एका आजीची पिशवी. आणि, "एक छोटी कात्री, दांड्याला लाल चिंधी."

लाखभर माणसं गप्प उभी आणि माझी कात्री पुकारली जातेय. मी गप्प राहिले. खराडीच्या पोरानं माझ्याकडं बघितलं. आमच्या दिंडीतल्या परभणीच्या आजींनी बघितलं. मी समोर बघत राहिले, तुळशीकडं. पण मग तो पोरगाच हात वर करून ओरडला, "आमची हाय!" एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणारा. दिंडीप्रमुखांनी माणूस पाठवून कात्री आणवली.

रात्री जेवणं झाल्यावर मी वीणेकऱ्यांकडं गेले. आमच्या दिंडीत तीन-चार जण वीणा आळीपाळीनं घेतात, त्यांतले सगळ्यांत म्हातारे. वीणा खाली ठेवायची नसते. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग पहिल्यानं मोकळं व्हायचं. मी म्हटलं, बाबा, मी देवाकडं आले होते, शिवायला नव्हते आले. दुकान बंद करून आले ते काय इथं उघडायला? माझं एकही दिवस हरिपाठात लक्ष नाही.

मला वाटलं, संतांचा दाखला देतील. नामदेवराय शिंपी, सावता माळी मळ्यातच, गोरोबा मडकी घडवताना. हे सगळं कीर्तनात ऐकून मी आले होते आणि उत्तरही तयार ठेवलं होतं की बाबा, त्यांच्याकडं रांग लावायला कुणी येत नसेल. त्यांनी दाखला दिलाच नाही. म्हणाले, "मला गाता येत नाही."

"अहो, तुम्ही वीणेकरी ना?"

"म्हणून तर. तरुणपणी टाळ दिला, ताल चुकला. स्वयंपाकात घातलं, भात करपवला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हा माणूस दमत नाही आणि बसत नाही. म्हणाले, याच्या गळ्यात वीणा घाला." हसले. "वीस वर्षं झाली. गळा नाही, पण पाय आहेत."

मग मला वेळापत्रक लावून दिलं, अगदी हेडमास्तरासारखं. चालताना सुई नाही. हरिपाठात सुई नाही. काकड्यात नाही. दुपारच्या विसाव्याला अर्धा तास आणि रात्री जेवणानंतर एक तास, एवढं दुकान. उरलं ते उद्या. "आणि लोकांना तुम्ही सांगू नका, नाही म्हणता येत नाही तुम्हाला. मी सांगतो." सकाळी निघायच्या आधी त्यांनी दिंडीत उभं राहून सांगितलंसुद्धा. लोकांनी मुकाट्यानं ऐकलं. एकोणीस वर्षांत माझ्या दुकानाला वेळापत्रक नव्हतं. रात्री अकराला पण शटर वाजवतात.

तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. माऊलींचा अश्व, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, दोन्ही बाजूंना उभ्या दिंड्यांच्या मधून धावत गेला. दोन सेकंदांचा खेळ. लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावत होते. फलटण, बरड. पुढं रस्ता मोठा झालाय, चौपदरी, आणि झाडं फार कमी. जुने वारकरी सावलीच्या जागा आठवत आठवत चालतात, इथं वड होता, इथं चिंच होती. ऊन असलं की डांबरावरून चालणं म्हणजे तव्यावरून. माझ्या डाव्या टाचेला फोड आला. आजींनी माझ्याच डबीतली सुई मागितली, फोडातून दोरा ओवून तसाच ठेवायचा म्हणाल्या, पाणी झिरपून जातं. दवाखान्याच्या गाडीवरच्या डॉक्टरबाई बघून ओरडल्या, असं करू नका, पिकेल. दोघींचंही ऐकलं. दोरा काढला, मलम लावलं, पण सुई आजींनी आधी चुलीवर तापवून घेतली होती हे डॉक्टरबाईंना सांगितलं.

हरिपाठाचं काय झालं विचाराल. सगळं सुधारलं असं नाही. पण फलटणच्या आसपास एका संध्याकाळी मला जाणवलं की पुढच्या बाईचा ब्लाउज मला दिसला नाही. म्हणजे दिसला, डोळे शाबूत आहेत, पण हात शिवशिवला नाही. हाताला माहीत होतं की आपली पाळी जेवणानंतर आहे. बारा वर्षं मी मनाला दामटत होते आणि खरी घाई हातांना झालेली होती. नंतर वेळापूरला परत एकदा एक भयानक कटोरी दिसली आणि अख्खा एक अभंग गेला. असो.

खराडीच्या मुलाचंही थोडं सांगते. त्याचा फोन जेजुरीनंतरच्या पावसात गेला. एक दिवस नुसता सैरभैर. मग सकाळी ट्रकपाशी उभा राहिला आणि बॅगा राहुटीच्या नंबरानं लावायला लागला. शेवटच्या राहुटीच्या तळाशी, पहिलीच्या वर, म्हाताऱ्यांच्या कडेला. आधी बॅग सापडायला पाऊण तास जायचा, नंतर दहा मिनिटं. घरी आई म्हणते याला स्वतःचं कपाट लावता येत नाही.

नातेपुतेच्या मुक्कामी परभणीच्या आजी माझ्या 'दुकाना'त आल्या. त्या मागितल्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत आणि मागायच्या पण नाहीत, म्हणून उशिरा आल्या. कमरेची चंची काढून दिली. पानसुपारीची असते तशी, तीन कप्प्यांची, गुंडाळून दोरी बांधायची. मूळ कापड खणाचं असावं, आता रंग ओळखू येत नव्हता. मी कंदिलाखाली धरली. जिथं तिथं डागडुजी, आणि प्रत्येक ठिकाणचा दोरा वेगळा. एका कडेला हिरवा, धावदोऱ्यानं. तळाला पांढरा जाड, पोतं शिवायचा. मधल्या कप्प्याला लाल, बारीक, कुणा जाणत्या हाताचा, उलटी टीप अशी की मागून-पुढून सारखी. मी विचारलं, हे तुम्ही शिवलं? "छ्या. मला कुटं येतंय. वारीत फाटती आन् वारीतच कुणी ना कुणी शिवून देतंय. ह्यो हिरवा जेजुरीचा. ह्यो पोत्याचा, ट्रकवाल्यानं दिला, लई साल झाली. ह्यो तांबडा नीरंच्या अलीकडं, एक बाई हुती, तुझ्यावानीच."

ती बाई कोण, कुठली, आजींना आठवत नव्हतं. मी त्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. फार चांगला हात. मला एवढी सारखी टीप हातानं अजून येत नाही, मशीनची सवय. माझ्याकडं काळा-पांढरा संपला होता, मोरपंखीच उरला होता. आजी म्हणाल्या, "चालंल की. कोणता कोणाचा ते तरी कळंल." तिसऱ्या कप्प्याची कड मी मोरपंखी दोऱ्यानं घातली. एक तासाचं दुकान त्या रात्री एका चंचीवर गेलं. बाकीच्यांना उद्या.

नियम एकदा मोडला, खुडूसच्या रिंगणाला. एका बाईचा सलवारचा नाडा आत गेला, रडकुंडीला आली होती, मी म्हटलं दोन मिनिटांचं काम. टाचणीला नाडा अडकवून नेफ्यातून काढेपर्यंत तिकडं गजर झाला, धूळ उठली आणि रिंगण संपलं. मला फक्त धूळ दिसली. वीणेकरी बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंढरपुरात सोय एका मठाच्या हॉलमध्ये, पंखे होते, पाणी होतं, अर्धा तारा परत द्यावासा वाटला पण आंघोळीचा आडोसा आठवला. चंद्रभागेत स्नान केलं. दर्शनबारी बघितली आणि तिथूनच हात जोडले, माझी टाच तेवढी उभी राहिली नसती. दिंडीतले निम्मे लोक दरवर्षी कळस बघूनच परत जातात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला जरा वाटलं. मग गर्दीतून महाद्वारापाशी गेले, नामदेव पायरीपर्यंत. सगळे तिला पाय न लावता ओलांडून जातात. मी वाकून हात लावला. बोटाला मोरपंखी रंगाचा एक तंतू चिकटला होता, तो तिथंच राहिला की पडला, मागून रेटा आला त्यात कळलं नाही.

ही दिंडी कुणासाठी नाही तेही लिहिते. वेगळी खोली, गरम पाणी हवं त्यांच्यासाठी नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतं झालेल्यांसाठी नाही. 'मला शांतता हवी' म्हणून येणाऱ्यांसाठी तर मुळीच नाही, शांतता दिवसातून एकदाच मिळते, चोप वर गेल्यावर. ज्यांना आपल्याला काय येतं हे आधीच पक्कं माहीत आहे त्यांनीही जरा विचार करावा. माझी भजनाची वही सबंध वारीत बॅगेच्या तळाशी होती.

बॅगेत काय घ्यावं ते सांगते. दोन दाभणं, एक नाही. चेनचे रनर पाच नंबरचे दहा-बारा. काळा दोरा जास्त. नाडा घालायची मोठी टाचणी. प्लास्टिकचा कागद दुकानात मिळतो त्यापेक्षा एक हात लांब कापून घ्या, नाहीतर पोटऱ्या भिजतात. पायमोजे सुती.

द्वादशीला एसटीनं परत आले. दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं, पिवळा ब्लाउज पहिला दिला. शटरवर आता वेळा लिहिल्यात, रात्री आठनंतर वाजवू नये. दोन गिऱ्हाईकं तुटली.

पुढच्या वर्षीसाठी ५०० रुपये आगाऊ देऊन ठेवलेत. पावती आली. आडोशाच्या ताडपत्रीची मापं प्रमुखांनी मागच्या बाजूला माझ्याकडूनच लिहून घेतलीत, आणि पुढच्या बाजूला माझ्या नावासमोर 'सेवा' असा रकाना आहे, त्यात 'टेलर' लिहिलंय. मी 'टाळकरी' लिहा म्हणून सांगितलं होतं.